घरातली तालीम : बहुउपयोगी व्यायामसाधनांची निवड आणि जुळणी

ज्या व्यायामशिक्षकांच्या स्मरणार्थ आपल्या शाळेतर्फे ही पुस्तिका काढली जाते, त्यांचा विषय आणि माझा विषय यांत वरवर पाहता पुष्कळ अंतर आहे. त्यांचे आयुष्य मैदानावर गेले, माझे पुस्तकांत. तरीही या विषयावर लिहिण्याचे मी आनंदाने मान्य केले, याचे एक कारण भाषेतच सापडते. ज्या जागेला आपण 'तालीम' म्हणतो, त्या शब्दाचा मूळ अरबी अर्थ 'शिक्षण' असा आहे. 'वस्ताद' हा फारसी 'उस्ताद', म्हणजे गुरू. 'आखाडा' हा संस्कृत 'अक्षवाट'. 'कसरत' या शब्दाच्या मुळाशी विपुलतेची, पुनःपुन्हा करण्याची कल्पना आहे. म्हणजे बळ ही शिकण्याची गोष्ट आहे, ती गुरूकडून शिकायची आणि रोज घोटायची, हा विचार आपल्या पूर्वजांनी शब्दांतच साठवून ठेवला. आज तालीम घरात येऊ पाहते आहे. वस्ताद मात्र तिच्याबरोबर येत नाही. त्याच्या जागी पुठ्ठ्याच्या खोक्यातून एक यंत्र येते आणि त्यासोबत चार पानी सूचनापत्रक. हे यंत्र कसे निवडावे आणि कसे उभारावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करायचा आहे.

विषय किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. तिशीनंतर मनुष्याच्या स्नायूंचे वस्तुमान हळूहळू घटू लागते आणि साठीनंतर ही घट वेग घेते. खुर्चीचे हात न धरता उठता येणे, जमिनीवर बसून पुन्हा उभे राहता येणे, घसरलेला पाय सावरता येणे या क्षमता त्या घटीबरोबर जातात. त्या गेल्या की मनुष्य पडतो. खुब्याचे हाड मोडले की स्वावलंबनही बहुधा त्याच दिवशी संपते. माझ्या पिढीतील अनेकांच्या बाबतीत हे घडताना मी पाहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचे बळ वाढवणारा व्यायाम करावा आणि पासष्टीपुढील लोकांनी तोल व बळ यांवर भर देणारा विविधांगी व्यायाम किमान तीन दिवस करावा, असे सांगितले आहे. सकाळचा फेरफटका चांगलाच, पण एवढ्याने हे काम भागत नाही.

या वयात बळ वाढते का, अशी शंका साहजिक आहे. तिचे उत्तर १९९० साली अमेरिकेतील बोस्टन येथे झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगाने दिले. वृद्धनिवासातील सुमारे नव्वद वर्षे वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा, हळूहळू वाढत जाणारा व्यायाम देण्यात आला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. नव्वदीत हे होऊ शकते, तर सत्तरीतल्या माणसाला सबब उरत नाही.

'बहुउपयोगी' म्हणजे काय?

दुकानातील विक्रेता 'बहुउपयोगी' या शब्दाचा अर्थ यंत्राला जोडलेल्या अवजारांच्या संख्येवरून सांगतो. 'यात चाळीस प्रकार होतात', असे तो म्हणतो. मला हे परिमाण चुकीचे वाटते. साधन या शब्दातच साध्य गृहीत आहे. म्हणून प्रकार न मोजता शरीराच्या मूळ क्रिया मोजाव्यात. त्या फार नाहीत. ढकलणे, ओढणे, बसून उठणे, कमरेतून वाकून उचलणे, वजन घेऊन चालणे आणि तोल सांभाळणे, अशा या सहा क्रिया होत. घरातील, शेतातील, रस्त्यावरील आपली सारी कामे यांच्याच मिश्रणातून होतात. जे साधन यांतील अधिकाधिक क्रियांना उपयोगी पडते, आणि घरातील नातवापासून आजीपर्यंत अधिकाधिक माणसांच्या उपयोगी पडते, ते खरे बहुउपयोगी.

या कसोटीवर आपली जुनी तालीम विलक्षण उतरते. जोर म्हणजे ढकलणे, बैठक म्हणजे बसून उठणे, दोर आणि मल्लखांब म्हणजे ओढणे, दगडी नाल म्हणजे उचलणे, आणि करेल किंवा जोडी फिरवणे म्हणजे खांदे, मनगटे व तोल यांचे शिक्षण. मल्लखांब तर बहुउपयोगी साधनाचा आदर्शच म्हटला पाहिजे. जमिनीवर साधारण साडेआठ फूट उंच, वर निमुळता होत गेलेला, एरंडेल चोळलेला एकच लाकडी खांब. पण त्यावर पकड, ओढ, लवचीकपणा आणि धैर्य या सर्वांची परीक्षा होते. बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात त्याचा उल्लेख येतो आणि पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवे रूप दिले, हे सर्वश्रुत आहे.

आपल्या बडोद्याला तर ही परंपरा अधिकच जवळची. जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य प्रो. माणिकराव यांनी या नगरीत व्यायामाचे जे पीठ उभारले, त्यात धर्म आणि जात आखाड्याच्या उंबऱ्याबाहेर राहत असत. मराठीतील दहा खंडांचा 'व्यायामज्ञानकोश' १९३६ ते १९४९ या काळात द. चिं. मुजुमदार यांच्या संपादकत्वाखाली याच बडोद्यातून निघाला. व्यायामाच्या साधनांविषयी मराठीत शोध घेणाऱ्याला आजही त्या खंडांकडे वळावे लागते.

मात्र परंपरेचा अभिमान बाळगताना साधनांचा प्रवास दुहेरी असतो, हेही ध्यानी घ्यावे. लेझीम हा शब्द फारसी. सरावासाठी वापरायच्या, साखळी लावलेल्या धनुष्याचे ते नाव. आपली जोडी एकोणिसाव्या शतकात इंग्रज लष्करी लोकांनी विलायतेला नेली, आणि १९०४ च्या सेंट लुइस व १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तिच्या फिरवण्याची स्पर्धा झाली. उलट 'डंबेल' हा शब्द तिकडून आला. घंटेचा दोर ओढण्याच्या व्यायामासाठी इंग्लंडात घंटेविना केलेले जे साधन होते, ती 'मुकी घंटा'. पुढे तेच नाव हातातल्या वजनांना मिळाले. तेव्हा देशी की विदेशी या वादात न पडता, साधन काय काम करते ते पाहावे.

निवड

घरात साधन आणायचे तर तीन पायऱ्या कराव्यात असे माझे मत आहे. पहिल्या पायरीवर एक जाड सतरंजी किंवा रबरी जाजम, हात नसलेली एक भक्कम खुर्ची, आणि सुटी चकत्या असलेली डंबेलची एक जोडी. चकत्या बदलता आल्या की तीच जोडी नातवाला, सुनेला आणि आजोबांना चालते. चकत्या अडवणारी कडी आट्यांची असावी. नुसती स्प्रिंगची चाप लावलेली वजने डोक्यावर नेताना सुटण्याचा संभव असतो. दुसऱ्या पायरीवर पाठ वरखाली करता येणारा बाक आणि रबरी पट्टे. पट्टे स्वस्त आणि हलके असतात, परंतु आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर लवकर कडक होते. दर महिन्याला ताणून पाहावेत आणि बारीक चीर दिसताच टाकून द्यावेत. तुटलेला पट्टा डोळ्याकडे येतो. तिसरी पायरी मोठ्या यंत्राची, म्हणजे ज्याला बाजारात 'मल्टी-जिम' म्हणतात त्याची. पहिल्या दोन पायऱ्यांवर सहा महिने नियमाने चाललेल्यानेच तिसरीचा विचार करावा. कपडे वाळत घातलेली यंत्रे मी अनेक सुशिक्षित घरांत पाहिली आहेत. त्यांतील बहुतेक पहिल्याच दिवशी तिसऱ्या पायरीवर उडी मारल्याचे फळ होते.

मोठे यंत्र घेताना त्याची रचना समजून घ्यावी. पोलादी चौकट, तिच्यात उभ्या दोन गुळगुळीत दांड्यांवरून सरकणारी वजनांची चळत, पोलादी तारेचा दोर, कप्प्या, आसन आणि हातांचे दांडे, एवढाच त्याचा संसार. चळतीत खिळी घालून किती वजन उचलायचे ते ठरते. येथे शाळेत शिकलेला कप्पीचा नियम आठवावा. दोर स्थिर कप्पीवरून गेला तर फक्त ओढीची दिशा बदलते. परंतु वजन सरकत्या कप्पीला टांगलेले असेल तर भार दोन दोरांत विभागला जातो आणि ७० किलोची चळत ३५ किलोच्या ओढीने उचलली जाते. त्या बदल्यात हाताला दुप्पट अंतर जावे लागते. म्हणून दोन घरांतील यंत्रांवरील आकड्यांची तुलना करणे व्यर्थ, आणि चळतीवरचा मोठा आकडा पाहून जास्त दाम देणेही व्यर्थ.

विकत घेण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. पहिली, चौकटीची नळी. मुख्य खांबांची जाडी दोन मिलिमीटर, म्हणजे १४ गेज, याहून कमी नसावी. वरच्या टोकाला धरून हलवल्यास चौकट पिळवटली तर ती घेऊ नये. दुसरी, सर्वांत कमी वजन. तरुण ग्राहक कमाल वजन विचारतो. घरात वृद्ध असतील तर किमान वजन विचारावे. पाच किलोपासून सुरुवात आणि पाच-पाच किलोंनी वाढ एवढीच सोय असेल, तर अशक्त खांद्याला ती पायरी मोठी पडते. तिसरी, आसनाची उंची. घरातील सर्वांत बुटक्या आणि सर्वांत उंच व्यक्तीने त्यावर बसून पाहावे. यंत्राचा सांधा आणि गुडघ्याचा किंवा खांद्याचा सांधा एका ओळीत येत नसेल, तर व्यायामाने सांधाच झिजेल. चौथी, झिजणारे भाग. दोर आणि कप्प्या पाच वर्षांनी आपल्या शहरात मिळतील का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

जागा

जागेचा विचार यंत्राच्या लांबीरुंदीने करू नये. हात पसरलेल्या माणसासह करावा. भोवती किमान दोन फूट मोकळी जागा हवी. घराच्या मजल्याची काळजी पुष्कळांना वाटते. भारतीय मानकांनुसार राहत्या खोल्यांची जमीन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोचा वापर-भार धरून रचली जाते. दीडशे किलोचे यंत्र आणि सत्तर किलोचा माणूस मिळून २२० किलो. ते सुमारे १.२ बाय २ मीटर जागेवर पसरले तर दर चौरस मीटरला ९२ किलोच्या आसपास येतात. सिमेंटच्या पक्क्या स्लॅबला हे जड नाही. यंत्र खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत ठेवावे आणि पायांखाली जाड रबरी जाजम घालावे, म्हणजे भार एका बिंदूवर येत नाही आणि खालच्या शेजाऱ्यांची झोपही मोडत नाही. मात्र जुन्या वाड्यांतील लाकडी तुळयांच्या माडीवर असे यंत्र कधीही चढवू नये. दांडिया बाजार, रावपुऱ्यातील जुन्या घरांत राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. तेथे तळमजलाच योग्य.

भिंतीत दांडा बसवून लोंबकळणे हा ओढण्याचा सर्वांत स्वस्त व्यायाम आहे, आणि चुकीच्या भिंतीत बसवला तर सर्वांत धोक्याचा. समजा, दांडा भिंतीपासून दोन फूट पुढे आहे आणि त्याच्या आधाराच्या वरच्या व खालच्या बोल्टांत एक फुटाचे अंतर आहे. सत्तर किलोचा माणूस नुसता स्थिर लोंबला तरी वरचे बोल्ट भिंतीतून १४० किलोच्या जोराने ओढले जातात, आणि झोका घेतला की त्याहून कितीतरी अधिक. साडेचार इंची आडभिंत हे सोसणार नाही. नऊ इंची विटांची भिंत किंवा काँक्रीटचा खांब हवा, आणि बोल्टाने गिलाव्याच्या पार जाऊन विटेत किंवा काँक्रीटमध्ये पकड घेतलेली असावी. दाराच्या चौकटीत नुसता पिळून अडकवलेला दांडा तर मोठ्या माणसाने टाळावाच.

जुळणी

जुळणी हे गड्याचे काम, असे समजून दूर उभे राहू नये. ज्याला यंत्र वापरायचे आहे त्याने ते जुळताना पाहिलेच पाहिजे. शक्य तर पाना हातात घ्यावा. प्रत्येक तुकडा कोठे जातो हे ज्याने पाहिले, त्याला पुढे कोठून आवाज येतो हे कळते.

प्रथम सूचनापत्रक शेवटपर्यंत वाचावे, आणि मगच खोके उघडावे. सर्व भाग जमिनीवर मांडून यादीशी ताडून पाहावेत. नट, बोल्ट, वायसर लांबीप्रमाणे वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावेत. चार मिलिमीटरने आखूड बोल्ट चुकीच्या जागी बसला तर नटाला पुरत्या आट्या मिळत नाहीत आणि तो सांधा आपल्या नकळत दुबळा राहतो. दोन माणसे असावीत; उभ्या खांबाला एकाने धरल्याशिवाय दुसऱ्याने बोल्ट घालू नये.

जुळणीचा सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, पूर्ण चौकट उभी राहीपर्यंत एकही बोल्ट पूर्ण आवळायचा नाही. सगळे हाताने बसतील एवढेच घ्यावेत. पहिला सांधा घट्ट आवळला की भोकांतील बारीकसा फरक पुढे सरकत जातो आणि शेवटचा बोल्ट बसेनासा होतो. मग लोक हातोडी घेतात आणि चौकट कायमची वाकडी होते. चौकट उभी झाल्यावर आडव्या नळीवर पाणसळ ठेवावी, उभ्या खांबाला ओळंबा लावावा, पाये सपाट टेकले आहेत ना ते पाहावे, आणि नंतर खालून वर, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळत जावे. वजनांच्या दांड्या खरोखर उभ्या नसतील तर चळत अडखळत सरकते आणि दोर झिजतो. जे सांधे हलायचे आहेत, तेथील नट अति आवळू नयेत. तेथे आतून नायलॉनची कडी असलेले नट असतात, ते ढिले न होता सांधा फिरू देतात.

दोर ओवताना तो प्रत्येक कप्पीच्या खाचेत बसला आहे आणि कोठेही चौकटीला घासत नाही, हे बोटाने चाचपून पाहावे. दोर इतका ताणावा की विश्रांतीच्या वेळी तो ढिला लोंबू नये, पण वरची चकतीही उचलली जाऊ नये. मग सर्वांत कमी वजनावर, कोणीही आसनावर न बसता, दहा वेळा दांडा ओढून पाहावा. त्यानंतरच माणूस बसावा. पहिल्या आठवड्यानंतर सर्व नट पुन्हा तपासावेत, कारण नवे सांधे वापराने बसतात. पुढे महिन्यातून एकदा दांड्या पुसून त्यांवर सिलिकॉनचा हलका थर द्यावा. साध्या तेलावर धूळ चिकटते. दोरावरचे आवरण फाटून तार दिसू लागली की त्या दिवसापासून यंत्र बंद. घरात लहान मुले असतील तर व्यायाम संपताच खिळी काढून कपाटात ठेवावी. चळतीच्या फटीत बोट सापडण्याचा अपघात क्षणात होतो.

वापर

वस्तादाची उणीव यंत्र भरून काढत नाही. म्हणून काही पथ्ये स्वतःच पाळावीत. रक्तदाब, हृदयविकार, मोतीबिंदू किंवा हर्नियाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वजन उचलताना श्वास कोंडू नये. जोर लावताना सोडावा. वजन इतके घ्यावे की दहा-बारा वेळा नीट उचलता येईल आणि शेवटची दोन आवर्तने कष्टाने होतील. ते सहज होऊ लागले की वाढवावे. शेजाऱ्याने वाढवले हे वजन वाढवण्याचे कारण होत नाही. आणि यंत्रावर बसून जे बळ मिळते ते तोलाचे शिक्षण देत नाही, हे विसरू नये. यंत्र घेतले तरी खुर्चीवरून हात न टेकता उठणे, भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे आणि दोन्ही हातांत पाण्याच्या भरल्या बाटल्या घेऊन घरातच चालणे, हे चालूच ठेवावे.

शेवटी एक विनंती. प्रत्येक घरात स्वतंत्र यंत्र आणण्याइतकी जागा आणि पैसा सर्वांकडे नसतो, आणि तशी आवश्यकताही नाही. आपल्या मराठी शाळांपाशी व्यायामशाळेचे दालन असते, सायंकाळी ते बहुधा रिकामे असते, आणि त्या शाळांत शिकून गेलेले, आता साठी-सत्तरीत आलेले माजी विद्यार्थी त्याच परिसरात राहतात. ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी मुलांना शिकवले ते बळ आणि सोबत या दोन्ही गोष्टींचे शिक्षण होते. एखादे चांगले यंत्र, काही बाक, जोडी-करेल आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी एक जाणता शिक्षक, एवढी व्यवस्था शाळेने व माजी विद्यार्थ्यांनी मिळून केली, तर या स्मरणाला केवळ शब्दांपेक्षा अधिक वजन येईल. तोवर ज्यांना आजच सुरुवात करायची असेल, त्यांनी काहीही विकत न घेता ती करावी. घरातील भक्कम खुर्ची भिंतीला लावावी, हात छातीशी घ्यावेत आणि किती वेळा उठबस करता येते ते मोजून कागदावर लिहून ठेवावे. महिन्याने तो आकडा पुन्हा पाहावा. यंत्र घ्यायचे की नाही, याचा निर्णय त्या कागदाला विचारून करणे अधिक श्रेयस्कर.